शिष्यवृत्तीची बोलणी आणि प्रवेशाची तयारी : अमेरिकेतील विधिशिक्षणाची एक बाजू

विद्या ही विकत घेण्याची वस्तू नव्हे, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. गुरूच्या दारात उभे राहून दक्षिणेबाबत घासाघीस करणारा शिष्य आपल्या कल्पनेत बसत नाही. त्यामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विधिमहाविद्यालयात प्रवेश मिळालेला तरुण किंवा तरुणी महाविद्यालयाला पत्र लिहून ‘आपण देऊ केलेली शिष्यवृत्ती अपुरी आहे, ती वाढवावी’ असे सुचविते, हे ऐकून आपल्या वाचकाला प्रथम नवल वाटेल. अशा पत्राने महाविद्यालयाचे अधिकारी रागावत नाहीत, उलट पुष्कळ ठिकाणी अशा विनंतीसाठी छापील नमुनाही ठेवलेला असतो, हे कळल्यावर ते नवल अधिकच वाढेल.

ही प्रथा का पडली, देकाराचे पत्र कसे वाचावे, बोलणी कोणत्या मर्यादेत करावीत आणि प्रवेश निश्चित झाल्यावर पहिल्या दिवसापर्यंत कोणती तयारी करावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. हा विषय वरवर पाहता पैशाचा आहे. पण त्याच्या मुळाशी एक वेगळाच प्रश्न दडलेला आहे. तीन वर्षांनंतर तो तरुण कोणत्या प्रकारचा वकील होऊ शकेल, गरिबांचे खटले चालविण्याचे स्वातंत्र्य त्याला उरेल की नाही, हे पुष्कळ अंशी त्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे यावर अवलंबून असते. आणि ते कर्ज किती असेल, हे प्रवेशाच्या आधीच्या चार-सहा महिन्यांत ठरून जाते.

थोडी पार्श्वभूमी

अठराव्या शतकात अमेरिकेतील वकील हा एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करून तयार होत असे. दस्तऐवजांच्या नकला कराव्यात, धन्याची पुस्तके चाळावीत आणि न्यायालयात त्याच्या मागे बसून ऐकावे, असा तो क्रम होता. १७७९ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी या महाविद्यालयात जॉर्ज विद यांची कायद्याचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्यानंतरच्या काळात कनेक्टिकटमधील लिचफील्ड येथे टॅपिंग रीव्ह यांनी आपल्या घरी चालविलेली शाळा नावारूपाला आली. हार्वर्डचे विधिमहाविद्यालय १८१७ मध्ये सुरू झाले. तेथेच १८७० साली अधिष्ठाता झालेल्या ख्रिस्तोफर कोलंबस लँग्डेल यांनी व्याख्यानांऐवजी प्रत्यक्ष न्यायनिवाडे विद्यार्थ्यांपुढे ठेवून, प्रश्नोत्तरांच्या मार्गाने त्यांतून तत्त्व शोधून काढण्याची पद्धत रूढ केली. आजही पहिल्या वर्षाचे अध्यापन बव्हंशी याच पद्धतीने चालते.

आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. अमेरिकेत मात्र सामान्यतः कोणत्याही विषयाची पदवी घेतल्यावरच तीन वर्षांच्या ‘ज्युरिस डॉक्टर’ या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता असलेली अशी सुमारे दोनशे महाविद्यालये आहेत. बहुसंख्य राज्यांत वकिलीच्या सनदेची परीक्षा देण्यासाठी मान्यताप्राप्त महाविद्यालयाची पदवी लागते. प्रवेशाचा निर्णय मुख्यतः दोन आकड्यांवर होतो. पहिला म्हणजे पदवीपर्यंतच्या गुणांची सरासरी, आणि दुसरा म्हणजे १९४८ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘एल्सॅट’ या प्रवेशपरीक्षेतील गुण. हे गुण १२० ते १८० या श्रेणीत दिले जातात.

शुल्क जाहीर एक, प्रत्यक्ष दुसरे

महाविद्यालये आपले शिक्षणशुल्क जाहीर करतात. पण ते संपूर्ण शुल्क भरणारे विद्यार्थी अल्पसंख्य असतात. बाकीच्यांना कमी-अधिक सूट मिळते आणि तिलाच शिष्यवृत्ती असे नाव आहे. ही सूट दोन तत्त्वांवर दिली जाते. एक तत्त्व गरजेचे, दुसरे गुणवत्तेचे. हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड येथील विधिमहाविद्यालये आपली अनुदाने विद्यार्थ्याची आर्थिक गरज पाहून देतात. तेथे ‘दुसरीकडे मला जास्त मिळते’ हा युक्तिवाद सहसा चालत नाही. तथापि कुटुंबाच्या उत्पन्नात बदल झाला असेल, आजारपण किंवा नोकरी जाणे असे काही घडले असेल, तर ते कागदपत्रांनिशी कळवून गरजेची पुन्हा मोजणी करण्याची विनंती करता येते. इतर बहुतेक महाविद्यालये गुणवत्तेच्या तत्त्वावर चालतात आणि बोलणी ही मुख्यतः त्यांच्याशीच होत असतात.

येथे ‘गुणवत्ता’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. एका वृत्तसाप्ताहिकाने १९८७ मध्ये प्रथम आणि १९९० पासून दरवर्षी विधिमहाविद्यालयांची क्रमवारी प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्या क्रमवारीत, प्रवेश घेतलेल्या वर्गाच्या प्रवेशपरीक्षेतील गुणांचा मध्यक हा एक घटक धरला गेला. मध्यक म्हणजे ज्याच्या वर निम्मे विद्यार्थी आणि खाली निम्मे, असा आकडा. समजा, एखाद्या महाविद्यालयाला हा मध्यक १६५ वर टिकवावयाचा आहे. अशा वेळी १६६ गुणांचा विद्यार्थी त्याला मोलाचा वाटतो, आणि १६४ गुणांचा विद्यार्थी, बुद्धीने तितकाच असला तरी, तितका मोलाचा वाटत नाही. दोन गुणांच्या अंतराने शिष्यवृत्तीत हजारो डॉलरांचा फरक पडतो तो यामुळे. २०२२ च्या नोव्हेंबरात येल आणि हार्वर्ड यांनी या क्रमवारीस माहिती देणे थांबविले आणि नंतर क्रमवारीची पद्धतही बदलली. मध्यकाचे वजन कमी झाले, पण महाविद्यालयांची सवय मात्र गेली नाही.

या व्यवस्थेवर कडक टीकाही झाली आहे. विधिप्राध्यापक ब्रायन तमनाहा यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, कमी गुणांचे विद्यार्थी पूर्ण शुल्क भरतात आणि त्या पैशातून जास्त गुणांच्या विद्यार्थ्यांना सूट मिळते. जास्त गुण मिळविणारे बहुधा अधिक सुस्थितीतील घरांतून आलेले असतात आणि पुढे त्यांनाच अधिक पगाराच्या जागा मिळतात. म्हणजे ज्याची परतफेडीची शक्ती कमी, त्याच्याच शिरावर भार अधिक. बोलणी करण्याची कला ज्याला घरातून मिळालेली नाही, अशा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे यात दुहेरी नुकसान होते. ही माहिती सर्वांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे ते याच कारणासाठी.

महाविद्यालये एकत्र बसून सर्वांना सारखीच शिष्यवृत्ती का देत नाहीत, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यात आहे. १८९० च्या शर्मन कायद्यान्वये स्पर्धकांनी संगनमताने किंमत ठरविणे हा अपराध आहे. पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्याबाबत ‘आयव्ही लीग’ची आठ विद्यापीठे व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी दरवर्षी एकत्र बसत असत. १९९१ मध्ये सरकारने त्यांच्यावर दावा लावला आणि आठही विद्यापीठांनी ती प्रथा सोडण्याचे मान्य केले. तेव्हापासून प्रत्येक संस्थेने आपापला निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा, हीच रीत दृढ झाली. विद्यार्थ्याला एका संस्थेचा देकार दुसरीपुढे ठेवता येतो, त्यामागे ही स्पर्धा आहे.

देकाराचे पत्र वाचण्याची रीत

प्रवेशाच्या पत्रासोबत किंवा त्यानंतर काही आठवड्यांनी शिष्यवृत्तीचे पत्र येते. त्यातील मोठा आकडा पाहून हुरळून जाणे ही पहिली चूक होय. खरा आकडा शिष्यवृत्तीचा नसतो. शिष्यवृत्ती वजा जाता स्वतःला जे भरावे लागते, तो खरा आकडा. त्यात निर्वाहखर्च मिळविला आणि तीन वर्षांची बेरीज केली म्हणजे देकाराचे स्वरूप उघड होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीस तीन महाविद्यालयांकडून देकार आले आहेत. पहिले महाविद्यालय मोठ्या शहरात असून अधिक प्रतिष्ठित आहे. त्याचे वार्षिक शुल्क ६०,००० डॉलर, शिष्यवृत्ती २०,००० आणि निर्वाहखर्च २८,००० आहे. दुसऱ्याचे शुल्क ५०,०००, शिष्यवृत्ती ४०,००० आणि निर्वाहखर्च २२,०००. तिसरे राज्य विद्यापीठाचे असून त्याचे शुल्क ३०,०००, शिष्यवृत्ती १५,००० आणि निर्वाहखर्च २१,००० आहे. पहिल्या ठिकाणी तिला दरसाल ६८,००० म्हणजे तीन वर्षांत २,०४,००० डॉलर लागतील. दुसऱ्या ठिकाणी दरसाल ३२,००० म्हणजे एकूण ९६,०००. तिसऱ्या ठिकाणी दरसाल ३६,००० म्हणजे एकूण १,०८,०००. या हिशेबाने दुसरे महाविद्यालय सर्वांत स्वस्त ठरते. परंतु पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ आहे : वर्गातील पहिल्या एकतृतीयांश विद्यार्थ्यांत क्रमांक राहिला, तरच शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहील. ती ओळ वाचल्यावर हिशेब निराळा होतो. पहिल्या वर्षाअखेर शिष्यवृत्ती गेली, तर खर्च ३२,००० अधिक ७२,००० अधिक ७२,०००, म्हणजे १,७६,००० डॉलर होईल. तिसऱ्या महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मात्र बिनशर्त आहे. म्हणजे दुसऱ्याची निवड करणे हे बारा हजारांच्या लाभासाठी अडुसष्ट हजारांचा धोका पत्करण्यासारखे आहे.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी. शिष्यवृत्ती ठरावीक रकमेची आहे की शुल्काच्या ठरावीक हिश्श्याची? शुल्क दरसाल वाढत असते. ५०,००० चे शुल्क दरसाल शेकडा ४ ने वाढले, तर दुसऱ्या वर्षी ते ५२,००० व तिसऱ्या वर्षी ५४,०८० होते. शिष्यवृत्ती ४०,००० वरच स्थिर राहिली, तर विद्यार्थ्याला तीन वर्षांत ३०,००० ऐवजी ३६,०८० भरावे लागतात. तीच शिष्यवृत्ती ‘शुल्काच्या शेकडा ८०’ अशी लिहिलेली असती, तर हा भरणा ३१,२१६ एवढाच झाला असता. शिवाय शुल्कापोटी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीवर प्राप्तिकर लागत नाही, परंतु राहण्याजेवण्यासाठी मिळणाऱ्या भागावर तो लागू होतो, हेही हिशेबात धरावे.

अटीचे गणित

‘पहिल्या एकतृतीयांशात राहा’ ही अट ऐकताना अवघड वाटत नाही. पदवीपर्यंत सदैव पहिल्या पंक्तीत बसलेल्या विद्यार्थ्याला तर ती अटच वाटत नाही. पण येथे बसलेले सर्वच पहिल्या पंक्तीतले असतात. शिवाय बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे गुण ठरावीक प्रमाणात वाटले जातात. किती जणांना वरची श्रेणी द्यावयाची, हे आधीच निश्चित असते. समजा, शंभरांच्या वर्गात साठ जणांना अशी सशर्त शिष्यवृत्ती दिली आहे. पहिल्या एकतृतीयांशात जागा तेहतीस. त्या सर्व जागा शिष्यवृत्तीधारकांनीच पटकावल्या असे धरले, तरीही किमान सत्तावीस जणांची शिष्यवृत्ती जाणारच. त्यांनी कितीही अभ्यास केला तरी हा आकडा बदलत नाही. फक्त ते सत्तावीस कोण, एवढेच बदलते.

या प्रकारावर वृत्तपत्रांतून चर्चा झाल्यानंतर अमेरिकन बार असोसिएशनने प्रकटीकरणाचे नियम कडक केले. असोसिएशनच्या ५०९ क्रमांकाच्या मानकानुसार प्रत्येक महाविद्यालयाला दरवर्षी एक तक्ता जाहीर करावा लागतो. शुल्क, निर्वाहखर्च, विद्यार्थ्यांच्या गुणांचे मध्यक, किती जणांना अर्ध्याहून कमी, किती जणांना अर्ध्याहून जास्त व किती जणांना पूर्ण शुल्काएवढे अनुदान मिळाले, आणि सशर्त शिष्यवृत्ती असल्यास ती किती जणांची कमी झाली किंवा गेली, हे सर्व त्यात असते. बोलणी सुरू करण्यापूर्वी हा तक्ता वाचलाच पाहिजे. आपले गुण त्या वर्गाच्या मध्यकाच्या वर आहेत आणि आपल्याला देऊ केलेली रक्कम मात्र तेथील अनुदानांच्या मध्यकाच्या खाली आहे, असे आढळले, तर आपल्या विनंतीला सबळ आधार आहे असे समजावे. परिस्थिती उलटी असेल, तर विनंती करावी, पण अपेक्षा माफक ठेवावी.

अटीची शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सर्वस्वी अपरिचित नाही. १९१३ साली भीमराव आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. परत आल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार त्यामागे होता. पुढे ते लंडनला गेले आणि ग्रेज इनमध्ये कायद्याच्या अभ्यासासाठी नाव नोंदविले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्यतेमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना आणि ती नोकरी सोडावी लागली. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. मुदत आणि अट हे दोन शब्द विद्यार्थ्याच्या आयुष्यात किती खोलवर जाऊ शकतात, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

बोलणी : वेळ, भाषा आणि मर्यादा

अर्ज शरद ऋतूत जातात, देकार हिवाळ्यात येतात आणि जागा राखण्यासाठी भरावयाच्या अनामत रकमेची पहिली मुदत बहुधा एप्रिलच्या सुमारास असते. बोलणीला योग्य वेळ म्हणजे बहुतेक देकार हाती आल्यानंतरची व ही मुदत उलटण्यापूर्वीची. त्यानंतरही दार बंद होत नाही. काही विद्यार्थी दुसरीकडे गेल्यामुळे त्यांच्यासाठी राखलेला पैसा मोकळा होतो, आणि मे-जूनमध्ये नवा विचार होऊ शकतो. मात्र ज्याने ‘प्रवेश मिळाल्यास अवश्य येईन’ अशा बंधनकारक योजनेखाली अर्ज केला असेल, त्याच्या हाती बोलणीचे साधन उरत नाही. ते बंधन स्वीकारण्यापूर्वीच हा विचार करावा.

विनंतीचे पत्र लहान असावे. त्यात प्रवेशाबद्दल आभार, त्या महाविद्यालयाविषयी वाटणाऱ्या आस्थेचे खरे कारण, दुसऱ्या देकाराचा तपशील, स्पष्ट शब्दांत मागणी आणि उत्तर केव्हापर्यंत हवे, एवढे असले म्हणजे पुरे. उदाहरणार्थ :

“आपल्या महाविद्यालयाने मला प्रवेश व प्रतिवर्षी वीस हजार डॉलरांची शिष्यवृत्ती देऊ केली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. भाडेकरूंच्या हक्कांसाठी आपल्याकडे चालविल्या जाणाऱ्या विधिसाहाय्य केंद्रात काम शिकण्याची माझी इच्छा आहे. मला दुसऱ्या एका महाविद्यालयाकडून मिळालेल्या देकाराची प्रत सोबत जोडली आहे. दोन्हींतील अंतर तीन वर्षांत मोठे होते. शिष्यवृत्ती प्रतिवर्षी बत्तीस हजारांपर्यंत वाढविण्याचा विचार व्हावा, अशी विनंती आहे. अनामत रकमेच्या मुदतीपूर्वी आपला निर्णय कळल्यास मी आभारी होईन.”

या पत्रात धमकी नाही, गयावया नाही आणि असत्य नाही. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महाविद्यालये दुसऱ्या देकाराची प्रत मागतात, त्यामुळे कल्पित आकडा टिकत नाही. शिवाय सनद देण्यापूर्वी प्रत्येक राज्यात उमेदवाराच्या चारित्र्याची स्वतंत्र चौकशी होते. विधिमहाविद्यालयाशी केलेला खोटेपणा त्या चौकशीत पुढे येऊ शकतो. वकिलीच्या पहिल्याच व्यवहारात खोटे बोलणारा उमेदवार त्या व्यवसायाला नको असतो.

दुसरा देकार तुल्य दर्जाच्या महाविद्यालयाचा किंवा त्याच प्रदेशातील असेल तर त्याचे वजन अधिक पडते. रक्कम वाढविता येत नसेल, तर इतर गोष्टी मागता येतात. अट काढून टाकावी, किंवा ती ‘पहिल्या एकतृतीयांशा’ऐवजी ‘समाधानकारक प्रगती’ अशी करावी. रक्कम शुल्कवाढीबरोबर वाढावी. अनामत रकमेची मुदत दोन आठवडे पुढे न्यावी. वरील कल्पित विद्यार्थिनीने दुसऱ्या महाविद्यालयाकडे दोन हजार डॉलर जास्त मागण्यापेक्षा अट सैल करून मागणे केव्हाही शहाणपणाचे ठरेल. जे काही ठरेल ते लेखी घ्यावे. दूरध्वनीवरील आश्वासन कितीही गोड असले, तरी ते देणारा अधिकारी पुढच्या वर्षी त्या खुर्चीत असेलच असे नाही.

नकार आला तर तो नम्रपणे स्वीकारावा. एकदा विनंती व नवे काही घडल्यास आणखी एकदा, याहून अधिक तगादा लावू नये. आणि कोणताच देकार पेलण्याजोगा नसेल, तर एक वर्ष थांबून प्रवेशपरीक्षा पुन्हा देणे हाही एक प्रतिष्ठित मार्ग आहे. काही गुणांची वाढ झाल्यास एका वर्षाच्या पगारापेक्षा अधिक रक्कम शिष्यवृत्तीच्या रूपाने मिळू शकते.

कर्ज आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य

शिष्यवृत्तीने जे भागत नाही ते कर्जाने भागविले जाते. अनेक वर्षे केंद्र सरकार पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संपूर्ण खर्चाइतके कर्ज देत असे. २०२५ च्या जुलैत झालेल्या कायद्याने ती योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद करण्याचे ठरविले, आणि कायद्यासारख्या व्यावसायिक शिक्षणासाठी सरकारी कर्जाला दरसाल ५०,००० व एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा घातली. आपल्या उदाहरणातील पहिल्या महाविद्यालयाचा खर्च दरसाल ६८,००० आहे. म्हणजे दरसाल १८,००० डॉलर खाजगी सावकारी संस्थांकडून काढावे लागतील. तेथे जामीनदार लागतो, व्याजाचा दर कर्जदाराची पत पाहून ठरतो आणि हलाखीच्या काळी मिळणाऱ्या सरकारी सवलती लागू होत नाहीत. या बदलामुळे देकाराच्या पत्रातील प्रत्येक हजाराला पूर्वीपेक्षा अधिक महत्त्व आले आहे.

अमेरिकेतील नव्या वकिलांचे पगार एका सरळ चढणीवर नाहीत, त्यांचे दोन वेगळे डोंगर आहेत. मोठ्या शहरांतील बड्या वकिली संस्थांत २०२४ मध्ये आरंभीचा पगार वर्षाला २,२५,००० डॉलरपर्यंत होता. सरकारी कचेऱ्या, लहान गावांतील वकील, गरीब आरोपींची बाजू सरकारी खर्चाने मांडणारे वकील यांचा आरंभ मात्र एक लाखाच्या बराच खाली होतो. दोहोंच्या मध्ये फार थोडे लोक असतात. दोन लाखांचे कर्ज पहिल्या डोंगरावर फिटते; दुसऱ्यावर ते माणसाला वाकविते. २००७ च्या एका कायद्याने सरकारी किंवा धर्मादाय संस्थेत काम करीत १२० मासिक हप्ते भरणाऱ्याचे उरलेले सरकारी कर्ज माफ करण्याची तरतूद केली. काही महाविद्यालयेही लोकसेवेत गेलेल्या आपल्या पदवीधरांचे हप्ते अंशतः भरतात. ज्याला असे काम करावयाचे आहे, त्याने बोलणीच्या वेळीच या साहाय्याचे नियम विचारून घ्यावेत.

प्रवेशाची तयारी

महाविद्यालय निश्चित झाले की पहिले कर्तव्य इतरांप्रति असते. जेथे जावयाचे नाही, तेथील प्रवेश ताबडतोब लेखी सोडावा. त्या जागेची आणि त्या शिष्यवृत्तीची प्रतीक्षायादीतील कोणीतरी वाट पाहत असतो.

त्यानंतर कागदपत्रे. पदवीचे अंतिम गुणपत्रक अधिकृतपणे पाठवावे लागते. अर्जात पूर्वी झालेली एखादी शिक्षा, वसतिगृहातील शिस्तभंग किंवा वाहतुकीचा मोठा गुन्हा सांगावयाचा राहून गेला असेल, तर वर्ग सुरू होण्यापूर्वी तो स्वतःहून कळवावा. सनदेच्या वेळी हा अर्ज पुन्हा तपासला जातो आणि मूळ चुकीपेक्षा लपविलेली चूक अधिक जड जाते. राहण्याची जागा, आरोग्यविमा, पुस्तके आणि पहिला कर्जहप्ता हाती येईपर्यंतचा एक-दोन महिन्यांचा खर्च, यांची तजवीज जुलैपर्यंत व्हावी. तीन वर्षांच्या अंदाजपत्रकात शेवटच्या परीक्षेनंतरचे दोन-तीन महिनेही धरावेत. सनदेच्या परीक्षेचा अभ्यास त्याच काळात होतो, आणि तेव्हा ना शिष्यवृत्ती असते ना पगार. राज्य विद्यापीठात बाहेरच्या राज्यातून येणाऱ्याने रहिवासी ठरण्याचे नियम पाहावेत. काही राज्यांत एका वर्षानंतर शुल्क कमी होऊ शकते.

आता अभ्यासाकडे वळू. वर्ग बहुधा ऑगस्टमध्ये सुरू होतात. पहिल्या वर्षी करार, अपकृत्ये, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी कायदा आणि विधिलेखन हे विषय सामान्यतः असतात. उन्हाळ्यात जाड ग्रंथ पाठ करून काही साधत नाही. त्याऐवजी न्यायनिर्णय वाचण्याची सवय करावी. प्रत्येक निर्णयाचे एका पानात टिपण काढावे : घटना काय घडली, प्रश्न कोणता होता, न्यायालयाने काय ठरविले आणि का ठरविले. ‘का’ या शब्दाचे उत्तर आपल्या भाषेत लिहिता आले, म्हणजे तो निर्णय समजला असे मानावे. प्राध्यापक वर्गात कोणाचेही नाव पुकारून प्रश्न विचारतात, तेव्हा हेच टिपण उपयोगी पडते. परंतु अंतिम परीक्षेत एखादी नवीच घटना पुढे ठेवलेली असते आणि तिला शिकलेले नियम लावून दाखवावयाचे असतात. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका सोडविण्याचा सराव सत्राच्या मध्यापासूनच करावा. ज्याची शिष्यवृत्ती सशर्त आहे, त्याला तर पहिल्या सत्राची परीक्षा हीच आर्थिक परीक्षाही असते.

आपल्यासाठी एवढे

भारतातून कायद्याची पदवी घेऊन अमेरिकेस जाणारे बहुतेक जण तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाऐवजी एका वर्षाच्या ‘मास्टर ऑफ लॉज’ या पदवीसाठी जातात. तेथे अनुदाने तुलनेने थोडी असतात आणि सरकारी कर्जाचा आधार परदेशी विद्यार्थ्याला नसतो. त्यामुळे बोलणीला वाव कमी असला, तरी हिशेबाची रीत तीच आहे. १९५४-५५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीसारख्या आपल्याकडील योजनांनाही मुदत, उत्पन्नमर्यादा आणि अटी आहेत. त्या वाचण्याचा आळस करून चालत नाही.

करार वाचणे, त्यातील अट ओळखणे, समोरच्याची बाजू समजून घेणे आणि आपली मागणी सत्याला धरून, मोजक्या शब्दांत, लेखी मांडणे, हाच वकिली व्यवसायाचा गाभा आहे. शिष्यवृत्तीच्या पत्राचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वीच आपल्या पहिल्या अशिलाचे काम करीत असतो. तो अशील तो स्वतः असतो. ते काम त्याने नीट केले, तर तीन वर्षांनंतर ज्यांना फी देणे परवडत नाही अशा लोकांना नकार देण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.